टाटा-मर्सिडीज एल 312 अर्धवट उघडून पडलीय, तीन पावसाळे गेले. पुन्हा हात घालायचा तर कुठून?

साखळीकर_312

नमस्कार मंडळी.

गाडी म्हणजे जुना ट्रक, नाकवाली टाटा-मर्सिडीज एल 312. नोंदणी गोव्याच्या जुन्या जीडी मालिकेतली, इंजिन ओएम 312. आजची स्थिती अशी:

केबिन आणि हौदा उतरवलेले. इंजिन फ्रेमवरच आहे, पण फिरत नाही. चेसिस वायर ब्रशने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात मारले होते, त्यातून गंज परत फुटलाय. चारही चाकांचे ब्रेक उघडे, व्हील सिलिंडर जाम. सुटे भाग चाळीसेक डब्यांत, निम्म्या डब्यांवरचं मार्करचं लिखाण उडालंय. वर पाइपांवर बांधलेली ताडपत्री. वेळ म्हणाल तर रविवार आणि आठवड्यातली एक संध्याकाळ.

अडचण पैशापेक्षा मनाची आहे. निम्मा रविवार मागच्या वेळी कुठे सोडलं होतं ते शोधण्यातच जातो, उरलेल्या निम्म्यात एखादा बोल्ट तुटतो. कामाचा क्रम कसा लावावा, म्हणजे मध्येच अवसान गळणार नाही? ‘धीर धरा’ सोडून काहीही सांगा.

---

पान्हा_14_15

आधी एक बंदी. आजपासून नवीन काही उघडायचं नाही. उघडणं सोपं असतं आणि त्यात काम झाल्यासारखं वाटतं, म्हणून सगळे उघडतच जातात. गोव्याच्या हवेत उघडा भाग तुम्ही दुरुस्त करता त्यापेक्षा लवकर गंजतो. उत्साह तिथेच गळतो.

पहिले दोन रविवार फक्त डब्यांना द्या. सगळे भाग सिमेंटच्या लादीवर ओता आणि यंत्रणेप्रमाणे ढीग लावा: ब्रेक, स्टिअरिंग, पाटे-शॅकल, कूलिंग, डिझेल लाइन, वायरिंग, केबिन. कुठला ते कळत नाही असे भाग वेगळ्या क्रेटमध्ये टाका आणि त्यांच्यावर वेळ घालवू नका, जोडणी करताना त्यांची जागा आपोआप सापडते. मार्करवर विसंबू नका, तेल-डिझेल लागलं की शाई जाते. अॅल्युमिनियमच्या पट्टीवर अक्षर-पंचने नंबर ठोका, जीआय तारेने भागाला बांधा, वहीत त्या नंबरासमोर नाव लिहा आणि फोटोतही तो नंबर दिसू द्या. खोके आणि वर्तमानपत्र दोन्ही ओल धरतात, त्यांना सुट्टी. प्लास्टिक क्रेट, झिपची पिशवी, आत तेलाचा हात. बेअरिंगना ग्रीस भरून दोन पिशव्या.

मग ब्रेक. पण ‘ब्रेक’ हे एक काम म्हणून यादीत लिहिलंत तर ते सहा महिने तसंच यादीत राहील. एक चाक हे एक काम. पुढचं डावं घ्या, ते पूर्ण होईपर्यंत बाकी तिघांकडे बघू नका.

क्रम असा. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. पाणी मारून ओली करा आणि फडक्याने पुसून फडकं फेका. व्हील सिलिंडर जाम असेल तर हातोड्याने पिस्टन ठोकण्याआधी तो सिलिंडर आठवडाभर पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये बुडवून ठेवा. सुटल्यावर आतून बारीक होन (घासायचा दगड) फिरवा. बोटाला खड्डा लागला तर होन वाढवत नेऊ नका, बोअर (आतलं भोक) मोठा होतो आणि कप (पिस्टनचं रबरी सील) बसत नाही. लेथवाल्याकडून स्टेनलेसची स्लीव्ह बसवून मूळ मापावर आणून घ्या. जोडताना रबराला फक्त ब्रेक फ्लुइड किंवा रबर ग्रीस लावा. इंजिन ऑइलचा थेंब लागला तरी कप फुगतो आणि महिन्याभरात ब्रेक धरून बसतो. ड्रम टर्न करायचा (लेथवर आतून कापून सरळ करायचा) तर एका अॅक्सलचे दोन्ही एकाच मापाला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. पाइप साध्या तांब्याचा घालू नका, कंपनाने कडक होऊन तडकतो. ब्रेकसाठीचा स्टीलचा किंवा कॉपर-निकेलचा घ्या आणि तोंडाला डबल फ्लेअर (कड दुहेरी दुमडून पसरवणं) करा. आटे सगळे मेट्रिक आहेत. दुकानात बेडफर्ड-डॉजचे इंची नट हाताला लागतात, दीड फेरा बसतातही, मग आटा खातात.

रंग, ग्रीस, जोडणी आणि वर झाकण झालं की ते चाक संपलं. वहीत त्यावर काट मारायची.

काम बंद करण्याच्या वीस मिनिटं आधी हात थांबवा. पुढच्या वेळी लागणारा भाग, पान्हे आणि सामान बाकावर मांडून ठेवा, फळ्यावर खडूने पुढची एकच कृती लिहा. ‘ब्रेक’ नाही, ‘पुढचं डावं, ब्लीड निप्पल काढणे’. तुमचा अर्धा रविवार त्यातच परत मिळेल.

आणि बाहेर दिलेली कामं वेगळ्या पानावर लिहा: कोणाकडे, काय, कधी दिलं. लेथवाल्याला नमुना द्याच, पण मापांचा कागदही द्या, नमुना हरवतो. चवथीच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर आठवडाभर कोणाकडून काही होत नाही हे धरूनच तारखा मागा. एक काम बाहेर अडकलं तरी घरी दुसरं चालू हवं. गाडी सगळ्यात जास्त वेळ ‘तो भाग आला की मग’ या वाक्यात पडून राहते.

---

मायक्रॉन

चेसिसबद्दल सांगतो, कारण तुमचं मन तिथूनच उतरलंय असं दिसतं. एकदा केलेलं काम परत करावं लागणं यासारखं दुसरं वाईट नाही.

चूक मेहनतीत झालेली नाही. रेड ऑक्साइड हा प्रायमर आहे, तो सच्छिद्र असतो. त्यावर वरचा रंग चढला नाही तर ओल आरपार जाते. वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडणाऱ्या जागी नुसत्या रेड ऑक्साइडवर चेसिस ठेवली की तो फुटणारच. शिवाय वायर ब्रश गंज काढत नाही, चकचकीत करतो. खड्ड्यांतला तसाच राहतो.

आता ब्लास्टिंगशिवाय (हवेच्या जोराने कण मारून गंज उडवणं) घासत बसू नका. गोव्यात बार्ज आणि जहाजदुरुस्तीच्या यार्डांमुळे ग्रिट ब्लास्टिंग करणारे मिळतात. चेसिस, अॅक्सल, रिम त्यांच्याकडे. केबिन, बॉनेट, मडगार्डचा पत्रा मात्र अजिबात नको, जोरात मारलं की पत्रा लाटेसारखा होतो. तिथे पेंट रिमूव्हर आणि हाताचं काम. नदीची वाळू वापरणाऱ्याला नकार द्या, ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. गार्नेट किंवा स्टील ग्रिट मागा.

ब्लास्ट केलेल्या लोखंडाला दमट हवेत काही तासांत पिवळी झाक येते, म्हणून त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत पहिला हात बसला पाहिजे. दोन-घटकी इपॉक्सी प्रायमर, कोरडा थर 60 ते 75 मायक्रॉन, असे दोन हात. दुसरा हात डब्यावर दिलेल्या मुदतीत. मुदत उलटली तर 240 च्या पेपरने घासल्याशिवाय वरचा थर धरत नाही. त्याच्यावर चेसिसला ब्रशने सिंथेटिक इनॅमल पुरे. ट्रकच्या चेसिसला आरशासारखी चकाकी हवी कोणाला?

लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश जास्त हवं. 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 25 च्या वर जातो. रात्रभर थंड झालेली जाड चेसिस सकाळी साडेसातला साधारण तेवढ्याच तापमानाला असते. डोळ्यांना कोरडी दिसते, पण वर पाण्याचा पातळ थर असतो. तो रंग दोन वर्षांनी पापुद्र्यासारखा सुटतो आणि शिव्या रंगाच्या कंपनीला बसतात. रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन. मे महिन्यात ऊन भरपूर असतं पण हवा घामट, आणि मिरगाआधी उरकायची घाई चुका करायला लावते.

म्हणून वर्षाचे दोन भाग करा. जून ते सप्टेंबर बाकावरची कामं: डायनॅमो, स्टार्टर, व्हील सिलिंडर, मीटर, वायरिंगचा नवा हार्नेस, सीटची चौकट. ऑक्टोबरमध्ये वेल्डिंग आणि रिव्हेट. नोव्हेंबरनंतर ब्लास्टिंग आणि रंग. पावसात चेसिसकडे बघून जीव जळतो ना, मग पावसात तिच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून टाका.

ब्लास्टिंगआधी एक तपासा. फ्रेमला जिथे दुहेरी पट्टी रिव्हेट केलीय तिथे दोन पत्र्यांच्या मधला गंज फुगून पट्टी वाकलीय का? वाकली असेल तर बाहेरून कितीही ब्लास्ट केलं तरी उपयोग नाही. रिव्हेटचं डोकं ग्राइंड करून पंचने बाहेर काढा, पट्टी सोडवा, दोन्ही बाजू साफ करून प्रायमर मारा. परत रिव्हेट मारणारा मिळाला तर उत्तम. नाही तर भोक रीमर करून घट्ट बसणारे 10.9 ग्रेडचे बोल्ट. फ्रेमच्या वरच्या-खालच्या कडेवर वेल्डिंग करू देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो.

ताडपत्री काढा. ती ऊब आणि ओल आत धरून ठेवते, आणि जिथे लोखंडाला टेकते तिथे गंजाचा नकाशा उमटतो. 9 बाय साडेचार मीटरची पत्र्याची शेड, बाजू उघड्या, पावसाच्या दिशेला शेडनेट. जमिनीवर आधी 200 मायक्रॉन प्लास्टिक, वर 100 मिमी काँक्रीट. मातीतून वर येणारी ओल थांबली की निम्मा गंज थांबतो. पहिला खर्च हाच करा, सुट्या भागांच्या आधी.

---

नोझल_बॅरल

वरच्या दोघांचं सगळं मान्य, क्रम मान्य नाही. आधी इंजिन. सहा सिलिंडरचा आवाज कानावर पडल्याशिवाय पुढची दोन वर्षं कोणी ब्रेकचे कप बसवत राहणार नाही. केबिन उतरवलेली आहे, इंजिनला चारही बाजूंनी हात पोहोचतो, याहून चांगली वेळ नाही.

‘फिरत नाही’ म्हणजे नक्की काय, ते आधी शोधा. गिअर न्यूट्रलला आहे का? क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलीय का? टॅपेट कव्हर काढून रॉकर सैल करा. व्हॉल्व गाइडमध्ये अडकला असेल आणि तुम्ही जोर लावलात तर पुशरॉड वाकतो. एवढं पाहूनही फिरत नसेल तर रिंगा लायनरला धरल्यात.

सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा. हे प्रीचेंबरचं (सिलिंडरच्या वर डिझेल पेटायची छोटी खोली असलेलं) इंजिन आहे, नोझलच्या भोकातून ओतलेलं तेल आधी प्रीचेंबरमध्ये जातं आणि बारीक छिद्रांतून हळूहळू खाली उतरतं. दर भोकात 30 ते 40 मिली, अर्धं डिझेल अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), एक दिवसाआड, दोन आठवडे. स्टार्टर मारून बघायचा नाही. फ्लायव्हीलच्या दात्यांवर पहारीने आधी उलटं, मग सुलटं, रोज थोडं. केसभर हललं तरी पुरे. पहारीला दीड मीटरचा पाइप जोडून दोघांनी लोंबकळायचं नाही, कनेक्टिंग रॉड वाकवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. दोन आठवड्यांत दाद दिली नाही तर हेड काढा, मग निदान कोणता सिलिंडर धरलाय ते दिसेल.

सुटलं म्हणून लगेच चालू करू नका. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा, तळाचा गाळ काढा, ऑइल पंपाची जाळी धुवा, एक-दोन बेअरिंग शेल उघडून बघा. ऑइल भरून पहारीने इंजिन फिरवत राहा, जोवर रॉकरपर्यंत ऑइल चढत नाही.

फ्युएल पंप घरी उघडू नका. कॅलिब्रेशनच्या बेंचवर पाठवा, नोझलसकट. परत आल्यावर इंजिनला लावण्याआधी रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी) बोटाने पुढे-मागे सरकतो का बघा. बराच काळ पडलेल्या पंपाचा रॅक पूर्ण डिझेलच्या जागी अडकलेला असू शकतो. अशा स्थितीत इंजिन पेटलं तर ते स्वतःहून थांबत नाही, फुटेपर्यंत वेग घेतं. न्यूमॅटिक गव्हर्नर (हवेच्या ओढीवर इंजिनाचा वेग आवरणारा) असेल तर त्याचा चामड्याचा पडदा वाळून फाटलेला असतो आणि व्हॅक्युमची नळी गळकी असते, परिणाम तोच. पहिल्या स्टार्टला एक माणूस फक्त इनटेकपाशी उभा: हातात 30 बाय 30 सेंमीची जाड प्लायवूडची फळी, तिला रबराचा पत्रा चिकटवलेला. वेग हाताबाहेर गेला की फळी इनटेकच्या तोंडावर. फडकं किंवा तळहात नाही, इंजिन दोन्ही ओढून घेतं.

ग्लो प्लग (स्टार्टआधी प्रीचेंबर तापवणारे) जुन्या पद्धतीचे असतील तर सहाही एका साखळीत असतात. एक गेला की सगळे गार, आणि लोक सहाच्या सहा बदलतात. मल्टीमीटर लावा: चांगला प्लग जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, तुटलेल्यावर मीटर ‘ओएल’ म्हणजे अनंत दाखवतो. अर्ध्या तासाचं काम आहे, मन लागत नसेल त्या संध्याकाळसाठी राखून ठेवा. अशी अर्ध्या तासाची दहा कामं वेगळ्या कागदावर लिहिलेली असावीत.

चाचणीसाठी दहा लिटरचा डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच टांगा, गाडीची टाकी नको, तिच्यातली घाण नव्या नोझलमध्ये जाईल. स्टार्टरला 70 चौरस मिमीची केबल. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. विहिरीचं पाणी घालून तांब्या-पितळेचा कोअर पुन्हा भरू नका. चालू झाल्यावर 15 सेकंदांत ऑइल प्रेशर दिसलं नाही तर बंद.

---

पान्हा_14_15

@नोझल_बॅरल, इंजिन आधी करायला हरकत नाही, धोका एकच. आवाज आला की माणूस गिअर टाकून गाडी अंगणात चार फूट तरी हलवतोच, आणि ब्रेक एकाही चाकाला नाहीत. तडजोड सांगतो: इंजिन फिरेपर्यंत तुमचा क्रम. फिरलं की मागची दोन चाकं आणि हँडब्रेक पूर्ण, मगच स्टार्ट. तोपर्यंत प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवा, म्हणजे मोह झाला तरी गाडी हलणार नाही.

---

फळीमाप

केबिन आणि हौद्याच्या लाकडाबद्दल कोणी बोललं नाही. पत्रा नवा करून आतली लाकडी चौकट जुनीच ठेवली की दोन वर्षांत दरवाजे खाली बसतात. चौकटीला साग, हौद्याच्या फळ्यांना मट्टीचं किंवा जांभ्याच्या झाडाचं लाकूड चालेल. लाकूड आत्ताच घेऊन शेडमध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा, एक उन्हाळा तरी सुकू द्या. ओल 15 टक्क्यांच्या खाली आली की कापा. बोल्टाच्या भोकांना आतून वॉर्निश पाजा, लाकडाचा अर्क लोखंड खातो. जुनी सडलेली चौकट फेकू नका, मापं तिच्यावरच आहेत. फाळक्याच्या बिजागऱ्यासुद्धा जपा, त्या मापाच्या आता कोणी घडवत नाही.

---

कागदपत्र_फोंडा

गाडी पूर्ण करून मग कागद बघू असं करू नका. 2021 च्या केंद्रीय नियमांत व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं, नवी नोंदणी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं आणि चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको अशा अटी आहेत. पण ते नियम खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना धरून केलेत. मालवाहू म्हणून नोंदलेला ट्रक त्यात बसवून घेतील का, ते तुमच्या आरटीओत आत्ताच लेखी विचारा. उत्तरावर तुमचे निर्णय अवलंबून आहेत: नवं इंजिन टाकायचा विचार असेल तर तो इथेच अडतो. चेसिस नंबर ब्लास्टिंगआधी पेन्सिलने कागदावर उतरवून घ्या, त्याचा फोटो काढा आणि त्या जागेवर टेप लावायला सांगा. ग्रिटने नंबर पुसट झाला तर ती गाडी कागदावर भंगारच.

---

साखळीकर_312

सगळ्यांचे आभार. असं ठरवतोय: आधी डबे, मग शेड, त्यासोबत नोझल काढून तेल भरणं. हा पावसाळा व्हील सिलिंडर आणि डायनॅमोचा. ब्लास्टिंग डिसेंबरात.

एक शंका. शेडचं काँक्रीट घालायचं तर गाडी हलवावी लागेल. चाकं काढलेली आहेत, अॅक्सलखाली चिऱ्यांचे चार-चार थर रचून त्यावर उभी आहे. जॅकने एकेक बाजू उचलून चाकं परत चढवली तर चालेल ना?

---

नोझल_बॅरल

चिऱ्यांवर? तिच्याखाली कोणी जाऊ नका, हातसुद्धा घालू नका. चिरा भिंतीत सगळीकडून दाबलेला असतो म्हणून टिकतो. अॅक्सलसारख्या अरुंद जागेचा भार आला की तो आवाज न करता फुटतो, आणि पावसात भिजलेला तर आणखी कच्चा. तीन पावसाळे उभी राहिली हे नशीब समजा.

---

पान्हा_14_15

जॅक लावण्याआधी रेल्वे स्लीपर किंवा 15 बाय 15 सेंमीचे लाकडी ठोकळे आणा. एकावर एक आडवे-उभे चौकोनी रचायचे. पहिला चौथरा चिऱ्यांच्या शेजारी, फ्रेमखाली, बोटभर फट ठेवून. म्हणजे चिरा फुटला तरी गाडी बोटभरच खाली येईल. मग जॅक, त्याच्याखाली 12 मिमीचा लोखंडी पत्रा, मातीत रुतू नये म्हणून. एका वेळी पाच सेंटिमीटरच उचला, लगेच ठोकळा सरकवा, मग पुढचे पाच. जॅकवर सोडून चहाला जायचं नाही. चारही कोपरे लाकडावर आले की चिरे बाहेर काढा.

आणि रिम लॉक-रिंगच्या (टायर धरून ठेवणारी वेगळी लोखंडी कडी) असतील तर हवा घरी भरू नका. रिंगच्या खाचेत गंज असला की ती सुटून उडते. टायरवाल्याकडे पिंजरा असेल तरच, आणि तो नसेल तर दुसरा टायरवाला.